धवल्याला ग्रिडवर बसवलं आणि आत्या ओळखूच येईना

घणसोली_गावठाण | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

भाच्याची हळद तीन आठवड्यांवर आलीय. माझी आत्या आमच्या गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले (लग्नगीतं) म्हणणारी. सत्तरी ओलांडलीय, पण लग्नघरात अजून तिलाच बोलावणं असतं. धवले म्हणणाऱ्या बायका आता राहिल्यात किती? म्हणून ठरवलं, तिचे चार धवले नीट रेकॉर्ड करून ठेवायचे आणि त्यातल्या एकाखाली ढोलकी घालून हळदीला वाजवायचा. सगळं घरीच केलं. दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), एक कंडेन्सर माइक, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. आत्या पुढे म्हणते, मागून दोघी झेलतात, म्हणजे तीच ओळ उचलतात. क्लिक लावून गायला सांगितलं तर तिने हेडफोन काढून गादीवर ठेवला. "ती टिकटिक बंद कर रं. मना गाना बोलाचा हाय का घड्याल बघाचा हाय?"

मग क्लिकशिवायच घेतलं. नंतर टेम्पो अंदाजे ९६ (मिनिटाला ९६ ठोके) धरला, ढोलकीचा लूप टाकला, आवाजाचे तुकडे पाडले आणि क्वांटाइझ मारला, म्हणजे प्रत्येक तुकडा ठोक्यांच्या ग्रिडवरच्या जवळच्या रेघेला नेऊन बसवला. ग्रिड १/१६, स्ट्रेंग्थ १०० (म्हणजे पूर्ण ओढ). शब्द ढोलकीवर पडायला लागले खरे, पण गाणं लोखंडाचं झालं. तुकड्यांच्या जोडावर टिक, टिक. शेवटी दहा सेकंदांचा फेड आउट (आवाज हळूहळू विरवणं) दिला तर त्याचीही तऱ्हा तीच. बराच वेळ काही होत नाही, मग हवा गेल्यासारखा एकदम बसतो.

आत्याला ऐकवलं. दोन ओळी झाल्या आणि म्हणाली, "यो आवाज माजा नाय. मी दम कवा घेतला?"

तेव्हापासून प्रोजेक्ट उघडलेला नाही. कुठे माती खाल्ली सांगा.

तालमणी_नौपाडा | शनिवार, रात्री ११:५८

आत्याबाईंना नमस्कार सांगा. निदान त्यांनीच करून दिलंय, आपण फक्त औषध शोधायचं.

तीन गोष्टी सांगा. धवला चारच्या चालीचा आहे की सहाच्या? तुकडे हाताने पाडले की सॉफ्टवेअरने? आणि तीन बायका एकाच माइकवर आहेत का?

डीजे_कोपरखैरणे | रविवार, रात्री १२:१५

भावा, स्ट्रेंग्थ १०० बरोबरच आहे. हळदीला वाजवायचंय ना? मग ग्रिडवरच पाहिजे. तुझा आवाज लोखंडी झाला कारण स्ट्रेच मोड (आवाज ताणायची पद्धत) चुकीचा असणार. तो बदलून बघ.

घणसोली_गावठाण | रविवार, सकाळी ९:०५

तालमणी, चाल सहाचीच वाटते, आपली नेहमीची हळदीची. तुकडे रीपरच्या डायनॅमिक स्प्लिटने (आपोआप कापायच्या सोयीने) पाडले, 'शांत भाग काढून टाका' हा पर्याय चालू होता. सगळे तुकडे निवडून मग पोझिशन क्वांटाइझ केल्या. माइक एकच, तिघी त्याच्यासमोर सतरंजीवर बसलेल्या.

डीजेभाऊ, स्ट्रेच केलंच नाहीये, नुसते तुकडे सरकवलेत.

तालमणी_नौपाडा | रविवार, सकाळी १०:३०

मग तीन चुका एकावर एक चढल्यात. एकेक सोडवू.

पहिली ग्रिडची. ९६ टेम्पोला एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा. १/१६ची ग्रिड त्याचे चार भाग करते, म्हणजे रेघा येतात १५६, ३१२ आणि ४६९ वर. सहाच्या चालीत ठोक्याचे भाग पडतात तीन, शब्द येतात २०८ आणि ४१७ वर. आता क्वांटाइझचं काम एवढंच की जवळची रेघ बघायची आणि तिकडे ओढायचं. २०८चा शब्द १५६ वर गेला, ४१७चा ४६९ वर. दोन्ही ५२ मिलिसेकंद सरकले, आणि तेही उलट्या दिशांना! पहिला घाईत, दुसरा रेंगाळलेला. दादऱ्यातला 'धा धी ना' घेऊन त्याचा 'धी' लवकर आणि 'ना' उशिरा म्हणून बघा, जीभच नको म्हणेल. चाल सहाची असेल तर ग्रिड ट्रिप्लेटची (ठोक्याचे तीन भाग) घ्या किंवा प्रोजेक्टच ६/८ मध्ये लावा. स्ट्रेंग्थ त्यानंतरची गोष्ट. चुकीच्या रेघेकडे ५० टक्के ओढलं तर निम्मं चुकतं, इतकंच.

दुसरी चूक अक्षरांची. क्वांटाइझ मुळात बटण किंवा पट्टी दाबून वाजवलेल्या नोटांसाठी आलं. कीबोर्डची पट्टी दाबली तो क्षण म्हणजे नोट, त्यात वाद नाही. तबल्याच्या 'ना'लाही सुरुवातीचा काठ धारदार असतो. पण गळ्यातून येणाऱ्या 'स'ची सुरुवात कुठली धरणार? 'सोन्याचा' म्हणताना 'स'चा फुसकारा आधी सुरू होतो आणि कानाला ठोका जाणवतो तो साधारण 'ओ' फुटतो तिथे. फुसकारा शंभर मिलिसेकंदांचाही असू शकतो. सॉफ्टवेअर आवाज सुरू झाल्याची जागा पकडतं. म्हणजे 'स' रेघेवर बसला आणि खरा ठोका पडला रेघेच्या पुढे. 'ग', 'ब', 'ट' यांचं तसं होत नाही. त्यामुळे एकाच ओळीतले काही शब्द वेळेवर आणि काही उशिरा असा विचका होतो, आणि तो ग्रिडवर डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना सगळं झकास बसलेलं दिसतं.

रीपरमध्ये प्रत्येक आयटमला (तुकड्याला) स्नॅप ऑफसेट, म्हणजे चिकटायचा बिंदू, देता येतो. आयटमचं डोकं कुठेही असू दे, सरकवताना तो बिंदू रेघेला चिकटतो. तो 'ओ'वर ठेवा.

तिसरी चूक दमाची. त्यावर दुसऱ्या कोणीतरी लिहा, मला शिकवणीला जायचंय.

शून्य_छेद | रविवार, दुपारी १:१०

दमाचं मी लिहितो. 'शांत भाग काढून टाका' चालू होतं ना, मग सॉफ्टवेअरने ठरावीक पातळीखालचं सगळं छाटलं. त्यात दोन ओळींमधला आत्यांचा श्वास गेला. श्वास गेला की माणूस गेला. ऐकणाऱ्याला नेमकं काय हरवलं ते सांगता येत नाही, पण बेचैन व्हायला होतं. तुमच्या आत्यांनी ते अचूक सांगितलं याचं मला खरंच आश्चर्य वाटलं, आम्हाला हे समजायला वर्ष गेलं होतं. उपाय साधा आहे. कापायचं ते श्वासाच्या आधी. श्वास पुढच्या ओळीला बांधलेला राहू द्या, ओळ सरकली की तोही सरकेल.

आता टिक-टिक. आवाजाची लाट शून्याच्या वरखाली डोलत असते. ती वर असताना कापली आणि पुढच्या तुकड्याची लाट खाली असताना जोडली, तर स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात उडी मारावी लागते. त्या उडीचाच टिक. लाट शून्य ओलांडते तिथे कापलं तर टिक कमी होतो (माझं टोपणनाव तिथूनच आलंय), पण एवढ्यावर विसंबू नका. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना पाच ते दहा मिलिसेकंदांचा फेड हवाच.

तुमच्याकडे फेड असूनही टिक येत असेल, तर पार्श्वभूमी तपासा. पंखा चालू होता का? तुकड्यात पंख्याची घरघर आणि तुकड्यांच्या मधे ठार शून्य, असं असेल तर टिक नसला तरी 'फप्' येतोच. भोकं बुजवायला खोलीचाच आवाज लागतो. कोणी काही न बोलता ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा आणि ती सगळ्या धवल्याखाली पसरून टाका.

घणसोली_गावठाण | रविवार, दुपारी १:३२

पंखा चालू होता. मे महिन्यात घणसोलीत पंखा बंद करून तीन बायकांना बसवायचं म्हणजे धवल्याऐवजी शिव्याच रेकॉर्ड झाल्या असत्या.

खोलीचा आवाज वेगळा घेतलेला नाही. पण गाणं सुरू होण्याआधी आत्या पान लावत होती, तेव्हाचे साधारण वीस सेकंद आहेत. अडकित्त्याचा एक आवाज सोडला तर शांत.

शून्य_छेद | रविवार, दुपारी १:४०

चालेल. अडकित्ता कापून उरलेलं दोनदा-तीनदा जोडा, जोडावर अर्ध्या-एक सेकंदाचा क्रॉसफेड (एक विरत असताना दुसरा चढवणं). इथे क्रॉसफेड 'इक्वल पॉवर'चा (मध्यावरही एकूण ताकद कायम ठेवणारा) घ्या. दोन्ही बाजूंची घरघर एकमेकींशी असंबद्ध आहे. सरळ रेषेचा क्रॉसफेड दिला तर मध्यावर दोघी ६-६ डेसिबलने खाली असतात आणि बेरजेत ३ डेसिबलचा खड्डा पडतो. पंख्याने मधेच श्वास रोखल्यासारखं वाटतं.

उलट एकाच टेकचे (एका वेळच्या रेकॉर्डिंगचे) तुकडे जरा सरकवून जोडत असाल, आणि दोन्हीकडे तोच स्वर जवळपास त्याच लाटेत असेल, तर सरळ रेषेचाच बरा. तिथे इक्वल पॉवर दिला तर मध्यावर ३ डेसिबलपर्यंत फुगवटा येतो. तरीही शेवटचा निकाल कानाचा.

रिळवाले_काका | रविवार, सायंकाळी ६:२०

मी टेपच्या जमान्यातला. ठाण्यात आणि दादरला पुष्कळ वर्षं रिळं कापली, आता वर्तकनगरला नातवंडं सांभाळतो. वाचून गंमत वाटली म्हणून लिहितो.

आम्ही पाव इंची टेप ब्लेडने कापायचो ती तिरकी, ४५ अंशात. नवीन पोरगा आला की आधी उभी कापायचा आणि 'टक्' आला की माझ्याकडे बघायचा. तिरक्या कापाचं कारण साधं. टेप ६.३५ मिलिमीटर रुंद, मशिनचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर. कापाची तिरकी रेघ हेडसमोरून पूर्ण सरकायला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात जुना आवाज उतरतो आणि नवा चढतो. तुमचा क्रॉसफेड तो हाच, आम्ही तो कात्रीपट्टीने करत होतो.

आणि १७ म्हणजे काही कायदा नव्हे. ढोलकीच्या धुमेवर, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजावर, कापायची वेळ आली तर तेवढा पुरत नाही. ५० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, त्याच्या आत फेड संपला की 'धप्प' येतो. म्हणून धुमेवर कापूच नये. थापेच्या अगदी आधी कापावं, थाप आपला जोड झाकते.

दुसरं म्हणजे फेड आउट. दहा सेकंदांचा सरळ रेषेचा फेड म्हणजे पाचव्या सेकंदाला आवाज फक्त ६ डेसिबलने खाली. कानाला 'निम्मा झाला' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. नवव्या सेकंदाला २० डेसिबल खाली, आणि उरलेलं सगळं अंतर शेवटच्या एका सेकंदात. मग हवा गेल्यासारखं वाटणारच. आम्ही फेडरवर बोट ठेवून कानाने उतरवायचो. आधी जरा लवकर खाली आणायचा, मग शेवटाकडे रेंगाळू द्यायचा. तुमच्याकडे वक्र निवडायची सोय असते, आधी उताराचा आणि नंतर लांब शेपटीचा घ्या.

आणखी एक, फारसं कोणी सांगत नाही म्हणून. दिंडी लांब जाते तेव्हा नुसता आवाज कमी होत नाही. टाळांची चमक आधी जाते आणि मृदुंगाची घुमक उरते. फेडबरोबर ट्रेबलही हळूहळू उतरवला तर आवाज दूर गेल्यासारखा वाटतो. नाहीतर कोणीतरी बटण पिळल्यासारखा.

तालमणी_नौपाडा | रविवार, रात्री ९:०२

काका, १७ मिलिसेकंदांचं गणित पहिल्यांदाच ऐकलं. वाचनखूण साठवली.

बेलापूर_बासरी | रविवार, रात्री ९:१५

विषय निघालाच आहे तर, पाच हजारांच्या आत चांगला इंटरफेस कुठला?

व्यवस्थापक | रविवार, रात्री ९:२०

त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे विचारा.

डीजे_कोपरखैरणे | रविवार, रात्री १०:४५

सगळं मान्य, काकांना सलाम. पण मी पुन्हा विचारतो, हे वाजणार कुठे? हळदीत रात्री दहाच्या आत मला तीस गाणी काढायची असतात. एक संपायच्या आत दुसरं त्याच्या ठोक्यावर चढवावं लागतं. माझं गाणं ९७ वर आणि तुमचा धवला ९६ वर असेल तरी एका मिनिटात पूर्ण एक ठोक्याचा फरक पडतो. इथे तर ओळीगणिक टेम्पो हलणार! नाचणारी माणसं थांबतात आणि सगळी माझ्याकडे बघतात. तेव्हा आत्याच्या दमाचं कौतुक करायला कोणी येत नाही.

ग्रिडला नावं ठेवणं सोपं आहे. आपली हळदीची गाणी आज गावोगाव वाजतात ती ग्रिडवर आहेत म्हणूनच एकात एक मिसळतात.

दिवाळे_लेक | सोमवार, सकाळी ७:५०

डीजेभाऊ बरोबर बोलतात, पण दोन वेगळ्या वेळांची गल्लत होतेय. धवला हा नाचायचा नसतोच. आमच्याकडे तरी तो मांडवात हळद लावताना म्हणतात, बाया बसून म्हणतात. डीजे लागतो तो जेवणं उरकल्यावर. धवल्याला डीजेच्या रांगेत बसवायची गरज काय?

आणि घणसोलीवाले दादा, तुमचे तुकडे तसेही धड होणार नाहीत. झेलणाऱ्या बाया पुढचीची ओळ संपायची वाट बघत नाहीत. तिच्या शेवटच्या अक्षराच्या शेपटीवर त्या चढतात, म्हणून तर दम घ्यायला तिला फुरसत मिळते. एका माइकवर तिघी आहेत. आत्यांची शेपूट आणि मागच्यांचं तोंड एकाच तुकड्यात येणार. एकीला रेघेवर आणलं की दुसरी रेघेबाहेर.

अजून एक शंका. आत्या गाताना मांडीवर हात मारतात का? आमची आजी मारायची. आणि हातात काचेच्या बांगड्या आहेत का? मग तुमच्या सॉफ्टवेअरने तुकडे नक्की कशावर पाडले ते जरा झूम करून बघा.

घणसोली_गावठाण | सोमवार, रात्री ११:२५

दिवाळे_लेक, ताई, तुम्ही हे कसं ओळखलंत?

ऑफिसातून आल्यावर प्रोजेक्ट उघडला. क्वांटाइझ परतवून मूळ टेक समोर घेतला आणि झूम केलं. निम्म्याहून जास्त तुकडे आवाजावर पडलेलेच नाहीत, बांगड्यांवर पडलेत! आत्या डाव्या मांडीवर हात मारते, बांगड्या किणकिणतात, तिथे टोकदार उभी रेघ उठते. सॉफ्टवेअर बिचारं सगळ्यात धारदार आवाज शोधत होतं, त्याला तोच सापडला. मी दोन दिवस ज्याला आवाजाची सुरुवात समजत होतो ती बांगडी होती.

आता बांगड्यांमधलं अंतर मोजलं. पहिल्या कडव्याला ठोका येतो सुमारे ६८० मिलिसेकंदांनी, म्हणजे टेम्पो ८८. मग हळूहळू चढत शेवटच्या कडव्याला ६२० च्या आसपास, म्हणजे ९७. मधे कुठेही धक्का नाही. सत्तरीतली बाई, हेडफोन काढून गादीवर ठेवलेली, आणि शेजारशेजारच्या दोन ठोक्यांत दहा-पंधरा मिलिसेकंदांचाही फरक क्वचितच. मला वाटत होतं ती बेताल आहे म्हणून क्लिक नको म्हणते.

तालमणी_नौपाडा | सोमवार, रात्री ११:४१

झालं तर मग! बांगड्यांवर टेम्पो मॅप करा. आवाजाला हातही लावू नका, ग्रिडलाच आवाजाकडे न्या.

आधी ट्रॅकचा टाइमबेस 'टाइम'वर ठेवा. हे विसरलात तर टेम्पो बदलल्यावर रेकॉर्डिंगच ताणलं जाईल आणि पुन्हा इथे रडत याल. मग दर दोन-चार ठोक्यांनी बांगडीवर टेम्पो मार्कर, म्हणजे 'इथून टेम्पो इतका' अशी खूण. प्रत्येक ठोक्याला लावू नका, नाहीतर तिच्या हाताचा बारीक हेलकावाही ढोलकीत उतरेल आणि ढोलकी अडखळेल. चार ठोक्यांनी लावला की चढण येते, खाचखळगे येत नाहीत.

त्यानंतर ढोलकी मिडीची (रेकॉर्ड केलेली नाही, संगणकाने नोटा वाचून वाजवलेली) असेल तर ती आपोआप या ग्रिडवरून चालेल. तिला काय क्वांटाइझ करायचंय ते करा.

बेंजो_कळवा | मंगळवार, सकाळी ८:३०

मिडीची ढोलकी कशाला? मी येतो की. कळवा ते घणसोली लांब नाही, ठाण्याला गाडी बदलली की वाशीच्या लोकलने सरळ. बेंजो पार्टीत पंधरा वर्षं ढोलकी वाजवतोय, बायकांच्या मागे वाजवायची सवय आहे.

एकच अट. माझं वाजवलेलं क्वांटाइझ करायचं नाही. मागे एका स्टुडिओत (नाव नको) दिवसभर वाजवून आलो. महिन्याने गाणं ऐकलं तर माझी ढोलकी शिलाई मशिनसारखी. लग्गीत (जलद बोलांच्या तुकड्यात) मी शेवटची थाप जाणूनबुजून मागे ठेवतो, ती ओढून रेघेवर बसवलेली. विचारलं तर म्हणे 'तुम्ही उशिरा वाजवत होता, आम्ही दुरुस्त केलं.' पैसे दिले आणि वर उपकार केले!

शून्य_छेद | मंगळवार, सकाळी ९:१५

बेंजोभाऊ, राग रास्त आहे. पण एक तपासून घ्यायला हवं. हेडफोनवर ऐकत वाजवलं की कधी कधी सगळाच ट्रॅक सारखा मागे पडतो. बफर (संगणक एका वेळी उचलतो तो आवाजाचा घास) ५१२ सॅम्पलचा असेल तर ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) एका दिशेलाच जवळपास ११ मिलिसेकंद जातात. सॉफ्टवेअर ते भरून काढतं, पण ड्रायव्हर खोटी वेळ सांगत असेल तर चूक राहते. माइक दोन मीटर लांब ठेवला तर आणखी सहाएक मिलिसेकंद हवेतच. अशी सगळीकडे सारखी चूक असेल तर क्वांटाइझ नको, अख्खा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे डावीकडे, सरकवायचा. वाजवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला फरक त्यात शाबूत राहतो. ते स्टुडिओवाले आधी हे बघते तर तुमची लग्गी वाचली असती.

रिळवाले_काका | मंगळवार, दुपारी ४:००

जाता जाता 'क्वांटाइझ'चा दुसरा अर्थही सांगतो, कारण फेडशी त्याचा थेट संबंध आहे आणि घणसोलीकर फाइल काढताना तिथे हमखास चुकतील.

तुम्ही वेळेचं क्वांटाइझ करताय. आवाजाच्या उंचीचं क्वांटाइझ तर रेकॉर्ड करतानाच होऊन गेलेलं असतं. १६ बिट म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. भरपूर वाटतात. पण फेड करत आवाज ६० डेसिबल खाली आला की तो हजारपट लहान होतो आणि त्याच्या वाट्याला उरतात पासष्टेक पायऱ्या. शेपटी मऊ न राहता खरखरीत होते. म्हणून १६ बिटची फाइल काढून मग तिच्यावर फेड मारू नये. प्रोजेक्टमध्ये, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोटवर असतानाच फेड करायचा आणि १६ बिटला उतरवताना अगदी शेवटी डिदर (पायऱ्यांची खरखर झाकणारी बारीकशी घरघर मिसळणं). त्यानंतर आवाजाच्या पातळीला कोणी हात लावायचा नाही, डीजेने सुद्धा.

डीजे_कोपरखैरणे | मंगळवार, दुपारी ४:२०

काका 😄 मी तर रात्रभर तेच करतो.

बरं, ताईचं पटलं. धवला मांडवात वाजू दे. पण शेवटून मला एक दोर द्या ना. शेवटच्या कडव्यानंतर ढोलकी एकटी आठ ठोके चालू ठेवा, आणि ती ९७ वर लॉक असू दे. तिथून मी माझं गाणं चढवतो. आत्या झाल्या की नाच सुरू.

घणसोली_गावठाण | मंगळवार, रात्री १०:५०

आयडिया भारी आहे. आठाऐवजी सोळा ठेवतो. टेम्पो मॅप शेवटी ९७ वर येतोच, तिथून पुढे मार्कर लावायचाच नाही, सरळ रस्ता.

पण एक अडचण. मला वाटत होतं की ढोलकी वर येईल तसा आत्याचा आवाज शेवटच्या दोन ओळींवर फेड करावा, काकांनी सांगितलेल्या दिंडीसारखा. तिला विचारलं तर बसल्या जागी उठली. धवला अर्ध्यात सोडायचा नसतो म्हणे, शेवटची ओळ पुरी ऐकू आलीच पाहिजे, नवरीनवऱ्याचं नाव त्यात आहे. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं.

दिवाळे_लेक | मंगळवार, रात्री ११:०५

नसणारच. त्या ओळीवर फेडरला बोट लावू नका. फेड द्यायचाच तर खोलीच्या आवाजाला द्या. आत्यांचं शेवटचं अक्षर पूर्ण विरू दे, त्यांनी सोडलेला श्वास ऐकू येऊ दे, आणि मग पंख्याची घरघर तीन-चार सेकंदांत हळूच काढून घ्या. ढोलकी त्याखालून चालूच राहील.

बेंजो_कळवा | रविवार, रात्री ९:४०

आज जाऊन आलो. आत्याबाईंसमोर बसूनच वाजवलं, पण त्यांनी पुन्हा गायचं नाही, जुन्या टेकवरच. मला वाटलं हेडफोन लावून त्यांच्या रेकॉर्डिंगवर वाजवायचं म्हणजे भुताबरोबर वाजवल्यासारखं होईल. पण दुसऱ्या कडव्यापासून लागलं. बांगडी ऐकू येते ना, तीच सम धरली.

आणि शून्य_छेद, तुम्ही म्हणालात तसं तपासलं. सगळी ढोलकी नऊ मिलिसेकंद मागे होती. सरकवली. लग्गी जिथल्या तिथे आहे.

घणसोली_गावठाण | रविवार, रात्री १०:१०

काम उरकलं. ४१ टेम्पो मार्कर लागले. आवाजाचा टेक अख्खा ठेवला. एकच काप आहे, तिसऱ्या कडव्यात खालच्या रस्त्यावरून गॅस सिलिंडरवाल्याने बेल वाजवली तिथे. पहिल्या कडव्यातली तीच ओळ घेऊन जोडली. दोन्ही ठिकाणचा टेम्पो वेगळा, त्यामुळे ती ओळ चार टक्क्यांनी आखूड करावी लागली, पण एवढ्याने आवाज बिघडला नाही. काप श्वासाच्या आधी. क्रॉसफेड आधी २० मिलिसेकंदांचा दिला होता, ऐकू येत होता. ८० केला, मग गेला. ढोलकीचं काहीच क्वांटाइझ केलेलं नाही, बेंजोभाऊंची शपथ.

आत्याला ऐकवलं. पहिल्या दोन ओळींना काही बोलली नाही. तिसऱ्याला मांडीवर हात मारायला लागली, रेकॉर्डिंगमधल्या बांगडीवर हातातली बांगडी. सिलिंडरवाल्याची जागा तिने ओळखली. "हितं काय तरी केलास तू," म्हणाली. काय ते तिला सांगता आलं नाही आणि मीही कबूल झालो नाही. उरलेल्या तीन धवल्यांच्या वेळी बांगड्या काढून ठेवू का, असं तिनेच विचारलं. म्हटलं राहू दे, मार्कर लावायचेत.

डीजेभाऊ, फाइल उद्या पाठवतो. ४८,००० आणि २४ बिट, शेवटचे सोळा ठोके ९७ वर लॉक. तुमच्या मशिनला ४४,१०० लागत असेल तर आजच सांगा, मीच उतरवून देतो.

डीजे_कोपरखैरणे | रविवार, रात्री १०:२२

४८ चालेल. शेवटचे सोळा ठोके मी हेडफोनमध्ये तपासून घेतो. तुझ्यावर विश्वास आहे, आत्यावर जास्त आहे.

बेलापूर_बासरी | रविवार, रात्री १०:३०

इंटरफेसच्या धाग्याची लिंक मिळेल का कोणाकडून? शोधात सापडत नाही.